कच्च्या शब्दांचे निरोपगीत

आरोपपत्राचे पहिले कलम असे : "सूची विभागाच्या प्रमुखांनी पूर्वनियोजित कट रचून, द्वेषबुद्धीने, आठ कर्मचाऱ्यांना हाताशी धरून, ग्रंथालयाच्या मावळत्या संचालकांच्या निरोप समारंभात त्यांची बदनामी करणारे गीत सादर केले."

एका वाक्यात इतकी असत्ये एकमेकांना धक्का न लावता बसवणे हे भरल्या कपाटात पुस्तके लावण्याइतकेच कसबाचे काम आहे. आणि ज्यांनी ते केले त्यांना हयातीत दुसरे कोणतेही कपाट लावावे लागलेले नाही. तरी एकेक शब्द खाली काढून धूळ झटकू या. 'कट' : कटाला गुप्तता लागते. हे गाणे तर तळघरातल्या बांधणी खात्यात दोन आठवडे, दुपारच्या सुट्टीत, दार सताड उघडे टाकून, गळा फाडून म्हटले जात होते! संचालकांच्या कानी ते गेले नाही, कारण तळघराची पायरी त्यांनी कधी उतरलेलीच नव्हती. 'पूर्वनियोजित' : ज्या विभागप्रमुख बाईंच्या नियोजनाप्रमाणे त्या दिवशी एकही गोष्ट घडली नाही, त्यांच्यावर नियोजनाचा आळ घेणे म्हणजे बुडालेल्या माणसावर पोहण्याचा आरोप ठेवणे. 'सादर केले' : गाणे चालू असताना बाई पडद्यामागे पाण्याच्या पिंपाला टेकून, आ वासून उभ्या होत्या, त्या तोंडातून सूर सोडाच, श्वासही बाहेर पडत नव्हता. उरला 'गीत' हा शब्द. तो मात्र बाईंनी तीनदा वाचला आणि, खोटे कशाला सांगा, त्यांना गुदगुल्या झाल्या. त्यांनी लिहिलेले काही ऐकून कुणी त्याला गीत म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती!

बाईंना सगळे ग्रंथालय सूचीबाई म्हणे. अकरा वर्षे त्या दुर्मीळ ग्रंथांची सूची करीत होत्या. एक्केचाळीस हजार नोंदी. प्रत्येक ग्रंथ हातात घ्यायचा, पाने मोजायची, कर्त्याचा शोध घ्यायचा, कसर झटकायची, शिंकायचे, लिहायचे. यातले पहिले दोन खंड प्रसिद्ध झाले तेव्हा शीर्षकपृष्ठावर संचालकांचे नाव ठळक टाइपात होते आणि बाईंचे नाव प्रस्तावनेच्या शेवटी, ज्यांचे सहकार्य लाभले अशा बारा जणांत, पंख्याची दुरुस्ती करणाऱ्याच्या नंतर. बाई कुणाला काही बोलल्या नाहीत. त्या फक्त दातओठ खात राहिल्या, आणि हे अक्षरशः!

"अगं, तू झोपेत दात खातेस," नवरा म्हणाला. त्याचे चष्म्याचे दुकान होते आणि जगातला प्रत्येक दोष भिंग बदलून दूर होतो अशी त्याची श्रद्धा होती. "मला वाटलं जात्यावर कुणीतरी खडे दळतंय."

दंतवैद्याने बाईंच्या दाढा पाहिल्या आणि आरसा बाजूला ठेवला. "या दाढा तुमच्या वयापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या आहेत. बाई, मनात काय साठवलंय?"

"एक्केचाळीस हजार नोंदी."

"त्या नव्हे. जे आहे ते तोंडावाटे बाहेर काढा. ओरडा, भांडा, गाणी म्हणा. नाहीतर मला कवळी करावी लागेल."

ओरडणे बाईंच्या स्वभावात नव्हते. भांडणासाठी समोरच्याने काहीतरी वाचलेले असावे लागते असा त्यांचा समज होता. उरले गाणे. "महिन्याभरात गीतलेखन शिकून घेते," त्यांनी घरी जाहीर केले. "शेवटी तो एक विषय आहे. विषय म्हटला की ग्रंथ आले, आणि ग्रंथ म्हटले की ते मी वाचलेले असणार!"

"पण तू गातेस कुठं?" नवऱ्याने विचारले.

"गाणं वेगळं, गीतलेखन वेगळं. तुम्ही चष्मे विकता म्हणून तुमची नजर चांगली आहे का?"

नवऱ्याने चष्मा पुसायला घेतला. त्याचा नंबर उणे सात होता.

गीतलेखनाचा वर्ग एका ड्रायव्हिंग स्कूलच्या माडीवर भरे. शिक्षक म्हणजे पूर्वी बँडमध्ये की-बोर्ड वाजवलेले एक गृहस्थ. विद्यार्थी पाच, त्यांतले एक भूलतज्ज्ञ होते आणि आपल्या गीतांनीही तेच काम करीत. बाई पहिल्या दिवशी छंदशास्त्राचे चार ग्रंथ, दोन कोश आणि एक यमकसंग्रह घेऊन गेल्या. शिक्षकांनी ते सगळे उचलले आणि की-बोर्ड डुगडुगत होता त्याच्या पायाखाली सरकवले.

"छान," ते म्हणाले, "आता काहीतरी उपयोग झाला. ताई, गाणं पुस्तकातून निघत नाही. आधी चाल गुणगुणा. पण नुसती चाल हातात राहत नाही, निसटते. म्हणून तिच्यात तोंडाला येतील ते शब्द कोंबा. वाण्याची यादी कोंबा, शेजाऱ्याला शिव्या कोंबा. शिंपी आधी कच्ची शिलाई मारतो ना, तसे हे कच्चे शब्द. पुढं पक्के शब्द सुचले की कच्चे उसवून टाकायचे. कळलं?"

"म्हणजे कच्च्या शब्दांना अर्थ नसतो?"

"शून्य!" शिक्षक म्हणाले.

शिकवणाऱ्यांनी जगात जी विधाने केली आहेत, त्यांतले हे सर्वांत बेजबाबदार म्हणावे लागेल.

या सुमारास सूचीचा तिसरा, शेवटचा खंड छापखान्यात गेला. शीर्षकपृष्ठावर 'संकलक' या शब्दापुढची जागा रिकामी होती. बाई ते पान घेऊन संचालकांच्या दालनात गेल्या.

"सर, एवढी एक ओळ राहिली आहे."

"नावाचं काय घेऊन बसलात, बाई!" संचालक खुर्चीत आणखी खोल गेले. "काम बोलतं हो."

"काम बोलतं, सर. पण माझं नाव घेत नाही."

संचालक मोठ्याने हसले. दुसऱ्याच्या वाक्याला आपण हसलो की ते वाक्य आपले होते, असा त्यांचा अनुभव होता. "बरं, असं करू. छापखान्याला मी माझ्या निरोप समारंभापर्यंत थांबवलंय. समारंभ नीट पार पडू दे, मग ती ओळ भरू. तुम्ही गाणी लिहायला शिकताय म्हणे? मग होऊन जाऊ दे एक, आमच्यावर! माझ्यावर आजवर कुणी गाणं केलं नाही हो. खंत आहे मला."

म्हणजे अकरा वर्षांच्या बदल्यात एक ओळ, आणि त्या ओळीच्या बदल्यात एक गाणे. बाई 'होय सर' म्हणाल्या, जिना उतरू लागल्या, आणि तिसऱ्या पायरीवर त्यांना चाल सुचली! सरळ, टणक, पायऱ्यांसारखीच ठोकेदार. ती निसटू नये म्हणून त्यांनी तोंडाला येतील ते शब्द तिच्यात कोंबले. घरी पोहोचेपर्यंत दोन कडवी झाली. स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहून, पळीने ठेका धरीत, त्यांनी ती फोनवर ध्वनिमुद्रित केली :

साहेब आले, साहेब बसले,
साहेब खुर्चीतच विसावले;
अकरा वर्षं कपाट तिसरं
साहेबांनी नाही उघडले!
नाव कुणाचं? साहेबांचं!
काम कुणाचं? विचारू नका!

धूळ गिळली, पानं पुसली,
शिंकत शिंकत सूची रचली;
साहेबांनी मोठ्या मनानं
पहिल्या पानी सही केली!
नाव कुणाचं? साहेबांचं!
काम कुणाचं? विचारू नका!

"हे कुणावर गं?" नवऱ्याने दारातून विचारले.

"कुणावर नाही. कच्चे शब्द आहेत. अर्थशून्य."

"मग तू पळी वाकवलीस ती?"

बाईंनी पळीकडे पाहिले. तिचा दांडा काटकोनात होता. त्यांनी ती गुपचूप फडताळामागे सरकवली. पण त्या रात्री नवऱ्याला गाढ झोप लागली.

मग पक्के शब्द. त्यासाठी बाईंनी ग्रंथ की-बोर्डखालून सोडवून आणले, आठवडाभर कोश उलथेपालथे केले आणि एक रचना सिद्ध केली. 'ज्ञानतपोनिधि, ग्रंथविहारी, कर्तव्योन्मुख, कार्यधुरंधर' येथून ती सुरू होई आणि सोळा ओळींत कुठेही क्रियापद न लागता संपे. वर्गात त्यांनी ती वाचली तेव्हा भूलतज्ज्ञांनाही झोप लागली.

"ताई," शिक्षक हळूच म्हणाले, "या शब्दांत सगळं आहे, तुम्ही नाही. परवा ऐकवलेल्या कच्च्यात तुम्ही होता."

"मी असण्याचा प्रश्नच नाही. हे साहेबांवर आहे." आणि बाईंनी ती रचना रीतसर संचालकांकडे मंजुरीसाठी पाठवली. संचालकांनी ती वाचली असण्याचा पुरावा उपलब्ध नाही. त्यांनी फायलीच्या मुखपृष्ठावर फक्त लिहिले : "निरोपगीत मंजूर. सर्वांनी जोरात म्हणावे."

आता बांधणी खात्याचे बाइंडर. पंचवीस वर्षे पुस्तके शिवलेला, सरसाच्या वासाचा, भरदार आवाजाचा हा माणूस कर्मचाऱ्यांच्या गायनवृंदाचा म्होरक्या होता. पक्के शब्द मंजुरीला गेले तेव्हाच बाईंनी त्यांना ध्वनिमुद्रण पाठवले होते, आणि त्याखाली वेगळा मजकूर : "चाल यावरून घ्यावी. शब्दांकडे दुर्लक्ष करावे. अंतिम पाठ यथावकाश पाठविते." बाइंडर त्या वेळी दोन्ही हात खळीत बुडवून उभे होते. त्यांनी कोपराने ध्वनिमुद्रण तेवढे वृंदाच्या गटावर पुढे ढकलले. मजकूर पुढे गेला नाही. तो त्यांनी स्वतःही वाचला नाही; 'यथावकाश' शब्द असलेला मजकूर सावकाश वाचला तरी चालतो, असे त्यांचे मत होते.

गटावर हाहाकार उडाला. "हे बाईंनी लिहिलंय? आपल्या बाईंनी?" "आवाज त्यांचाच आहे!" "मागं काय वाजतंय, हातोडा?" देवघेव विभागातल्या ताईंना भीती वाटली. "अहो, साहेबांना चालेल का हे?" म्हणून बाइंडर खातरजमा करायला वर गेले, आणि फायलीवरचा तेवढा शेरा पाहून एका दमात तीन मजले खाली आले.

"मंजूर!" ते ओरडले. "साहेबांनी स्वतः लिहिलंय, सर्वांनी जोरात म्हणावं!"

तळघरात सगळ्यांनी हातातले काम खाली ठेवले. मग देवघेवच्या ताई भारावून म्हणाल्या, "माणूस ओळखायला आपण चुकलो हो. केवढं मोठं मन!"

त्या दिवसापासून आठ जणांनी ते गाणे श्रद्धेने पाठ केले.

आणि पक्के शब्द? समारंभाच्या आठ दिवस आधी तो सोळा ओळींचा कागद बांधणी खात्यात आला. बाइंडरांनी तो उजेडाला धरला, 'कर्तव्योन्मुख' शब्दापाशी कवळी एका हाताने दाबून धरली, आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला : हे मानपत्र! दुसरे काय असणार? असले शब्द कुणी गातो का! त्यांनी त्याला जांभळे कातडे चढवले, सोनेरी अक्षरे ठोकली आणि चकचकीत पेटीत ठेवून दिले.

बाई या काळात तालमीला एकदाही फिरकल्या नाहीत. लेखकाने तालमीला जाऊ नये, असे त्यांनी एका ग्रंथात वाचले होते. जिन्यात बाइंडर भेटले तेवढेच.

"अंतिम पाठ मिळाला?"

"मिळाला, बाई! असं काम केलंय त्याचं, साहेब घरी नेऊन भिंतीवर लावतील."

बाई सुखावल्या. "शब्द थोडे अवघड आहेत, नाही?"

"भारी आहेत! मी तर कवळी धरून वाचले."

"आणि गाणं? पाठ झालं ना सगळ्यांचं?"

"पाठ? उठवून विचारा, म्हणतील! त्या 'विचारू नका'ला तर—"

पण तेवढ्यात बाईंना छापखान्याचा फोन आला. मानवी संस्कृतीतल्या कित्येक आपत्ती अशाच क्षणी टळू शकल्या असत्या!

समारंभाला सभागृह भरले होते. पहिल्या रांगेत विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षबाई होत्या. त्या पूर्वी न्यायाधीश होत्या आणि अजूनही समोरच्याकडे तो फरार असल्यासारख्या पाहत. व्यासपीठावर संचालक. बाइंडरांनी हात वर केला, ठेका पडला, आणि पडद्यामागे बाईंनी 'ज्ञानतपोनिधि' ऐकण्यासाठी डोळे मिटले.

"साहेब आले, साहेब बसले!"

डोळे उघडले. बाईंनी पडद्याची कड पकडली. संचालक प्रसन्न हसत होते. आले आणि बसले, दोन्ही गोष्टी त्यांच्या कर्तृत्वातल्याच होत्या. तिसरे कपाट आले तेव्हा 'वा' असे त्यांच्या तोंडून गेले, कारण ते ऐकत नव्हते, स्वतःच्या भाषणाची सुरुवात आठवत होते. मग ध्रुवपद आले. वृंदाने ते एकदा म्हणून दाखवले. बाइंडर सभागृहाकडे वळले आणि गर्जले, "काम कुणाचं?" आणि अख्ख्या सभागृहाने, अगदी मागच्या रांगेतल्या पाहुण्यांनी, टाळीसकट उत्तर दिले, "विचारू नका!"

संचालकही टाळ्या वाजवीत होते! दुसऱ्या कडव्यातल्या 'सही केली'वर त्यांचा एक हात दुसऱ्यापासून वीतभर अंतरावर थांबला आणि तिथेच राहिला. लोकांनी 'पुन्हा एकदा'चा गजर केला. वृंदाने पुन्हा एकदा म्हटले. तिसऱ्यांदा तर लोकांनी वृंदाला म्हणूच दिले नाही, स्वतःच म्हटले. त्यानंतर बाइंडरांनी पुढे होऊन जांभळ्या कातड्यातल्या मानपत्राची पेटी संचालकांच्या हातात दिली आणि गहिवरून म्हणाले, "साहेब, तुमच्याइतका मोठ्या मनाचा माणूस नाही पाहिला."

संचालकांनी पेटी उघडली. त्यांनी पहिल्यांदाच वाचलेला शब्द 'कार्यधुरंधर' होता.

पडद्यामागे बाईंनी बोटांवर हिशेब घातला. अकरा वर्षे गेली, ओळ गेली, नाव गेले, बहुधा नोकरीही गेली! आणि तरीही त्यांचा जबडा इतका सैल झाला होता की त्यांना तो हाताने वर उचलून मिटावा लागला.

दुसऱ्या दिवशी संचालकांच्या सहीचे आरोपपत्र आले. त्याच्या शेवटच्या कलमात होते : शीर्षकपृष्ठावरून 'संकलक' ही ओळच वगळावी.

चौकशी सोमवारी, अध्यक्षबाईंसमोर, वाचनकक्षातल्या लांब टेबलाशी झाली. टेबलावर ते शीर्षकपृष्ठ होते. छापखाना संध्याकाळी पाचपर्यंत थांबणार होता. एका टोकाला बाई, दुसऱ्याला संचालक, मध्ये लिहून घेणारा कारकून.

"हे गाणं तुमचं?" अध्यक्षबाईंनी विचारले.

"शब्द माझे. पण ते कच्चे आहेत, बाईसाहेब. चाल धरून ठेवण्यापुरते. शास्त्राप्रमाणे त्यांना अर्थ नसतो."

"म्हणजे हे कुणाला उद्देशून नाही?"

बाईंनी शीर्षकपृष्ठाकडे पाहिले. खोटे बोलण्याचा त्यांना सराव नव्हता आणि खरे बोलण्याची सोय नव्हती. "गाण्यात कुणाचंही नाव नाही," त्या म्हणाल्या. हे निखळ सत्य होते.

अध्यक्षबाईंनी गाण्याचा कागद शांतपणे दोनदा वाचला. "बरोबर आहे. नुसतं 'साहेब' आहे. या इमारतीत साहेब किती?"

"सात," कारकून म्हणाला. "गोदामवाले धरले तर आठ, पण त्यांना कुणी धरत नाही."

"मग मला बदनामी दिसत नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "कुणातरी एका साहेबावर गाणं आहे. हे संचालकांवर नसेल तर तक्रारच उरत नाही; मी ती इथंच निकाली काढते, छापखान्याला आणखी थांबायला सांगते, आणि सूचीबाई, तुमची ओळ राहायची की जायची ते नवे संचालक आले की ठरवतील. संचालक, तुम्हाला मान्य?"

सुटकेचे दार उघडे होते! संचालकांनी फक्त मान हलवायची होती. गाणे बेवारस ठरले असते, ओळ लांबणीवर पडली असती, आणि नव्या संचालकांनी बहुधा तिथे स्वतःचे नाव घातले असते. बाईंच्या दाढा नकळत एकमेकींवर आल्या.

पण संचालकांचा चेहरा लाल होऊ लागला. "कुणातरी एका साहेबावर?" ते पुटपुटले. "म्हणजे… लेखा विभागातल्या साहेबांवरही असू शकेल?"

"असू शकेल. शाबीत काय झालंय?"

"त्यांच्यावर?" संचालक उठून उभे राहिले. "सगळं गाव ते गाणं म्हणतंय! माझा नातू म्हणतोय! आणि ते त्यांच्यावर?"

"मग तुमच्यावर आहे हे तुम्हाला शाबीत करावं लागेल. ओळीओळीनं, वर्णन जुळवून. विचार करून बोला. हे लिहून घेतलं जातंय."

आयुष्यभर या इमारतीत तयार झालेली प्रत्येक वस्तू आपल्या नावाने बाहेर पडताना संचालकांनी पाहिली होती. नावाशिवाय काही निसटून चालले आहे, तेही दुसऱ्या साहेबाच्या घरी, हे दृश्य त्यांना सोसण्यासारखे नव्हते. त्यांनी कोट सारखा केला आणि सांगायला सुरुवात केली. कारकुनाची लेखणी धावू लागली. अध्यक्षबाईंनी शीर्षकपृष्ठ अलगद आपल्यापुढे ओढले आणि पेनाचे टोपण काढले. नोंदवहीत संचालकांच्या सहीवर असलेला तो जबाब शब्दशः असा :

"गाण्यातले साहेब दुसरे कोणी नसून मीच आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तिसरे कपाट मी अकरा वर्षांत उघडलेले नाही. ते कुठे आहे हेही मला ठाऊक नाही. सूचीतील एक्केचाळीस हजार नोंदींपैकी एकही मी लिहिलेली नाही. त्या सर्व सूचीबाईंनी एकट्यांनी लिहिल्या, आणि पहिल्या पानावर सही मात्र माझी आहे. हे वर्णन या इमारतीत माझ्याशिवाय कोणालाही लागू पडत नाही, आणि लेखा विभागातील साहेब तसा दावा करीत असतील तर ते दुसऱ्याच्या श्रेयावर डल्ला मारत आहेत. सबब, हे गाणे माझे आहे, आणि त्यावर माझे नाव घालण्यात यावे."